बाजूला ठेवलेला आवाज

९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र इथे रुग्णालयात मिळालं. पाकिटावर भाऊजींचं अक्षर होतं, म्हणून आधी वाटलं त्यांचंच काही काम असेल. आत तू होतीस. दीड वर्षानं तुझं अक्षर पाहिलं. पत्र लिहिलंस ते बरं केलंस, कारण फोनवर मी आता लवकर थकते. चांगला कान फोनला दिला की खोलीतलं काही ऐकू येत नाही, आणि डाव्या बाजूच्या आवाजाला मोकळं रान मिळतं.

तब्येतीचं विचारलंस, ते आधी लिहिते. गाठ पूर्ण निघाली. कर्करोगाची नव्हती. ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची नस कानातून मेंदूकडे जाते, तिच्यावर वाढली होती, मोठ्या द्राक्षाएवढी. डॉक्टर म्हणाले, सात-आठ वर्षं तरी मुक्काम असेल. डावा कान आता कायमचा गेला. चेहऱ्याची डावी बाजूही अजून सांगितलेलं करत नाही. चूळ भरताना ओठाच्या कोपऱ्यातून पाणी निसटतं. डावा डोळा पूर्ण मिटत नाही, दर दोन तासांनी त्यात थेंब घालायचे आणि झोपताना पापणीवर चिकटपट्टी लावायची. हसले तर अर्धीच हसते. तू म्हणायचीस ना, घुमी अर्धं बोलते आणि अर्धं गिळते. आता ते तोंडावरच दिसतं.

एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. कान बंद झाला, पण तिथे शांतता नाही. मी डॉक्टरांना विचारलं, "नस कापली ना? मग आवाज कुठून येतो?" ते म्हणाले, "कानातून येतच नाही. त्या बाजूची खबर बंद झाली, ते मेंदूला पटत नाही. म्हणून तो स्वतःच काहीतरी ऐकवत बसतो." मी म्हटलं, "म्हणजे रिकामी खुर्ची दिसली की कुणालातरी बसवतो." त्यांना ते आवडलं असावं. त्यांनी ते त्यांच्या शिकाऊ डॉक्टरणीला सांगितलं.

तू माफी मागितली आहेस. आई गेली त्या आठवड्यात तू दारात उभी राहून म्हणाली होतीस, "कपाची केसाएवढी चीर ऐकू येते हिला, आणि घरात बसलेल्या आईची हाक ऐकू येत नाही." आता लिहितेस, तुला बिचारीला आजार होता, ऐकूच येत नव्हतं, आणि मी काय काय बोलले.

ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याबद्दल नंतर लिहीन. डोळा चुरचुरतोय.

घुमी


२३ जानेवारी

ताई,

घरी येऊन दहा दिवस झाले. आईची खुर्ची बाहेरच्या खोलीत होती तिथेच आहे, खिडकीकडे तोंड करून. मी तिला हात लावलेला नाही.

रुग्णालयात कानाच्या विभागात एक बाई आहेत. त्यांचं काम एवढंच, की अशा आवाजांबरोबर राहायचं कसं ते लोकांना शिकवायचं. त्यांनी आवाजांची वही ठेवायला सांगितली. आवाज कोणता, किती वाजता, तेव्हा आपण काय करत होतो. पण दोनच आठवडे. पुढे वही बंद, कारण फार लक्ष दिलं की तो लाडावतो. अगदी सामसूम खोलीत बसायचं नाही. पंखा लावा, खिडकी उघडी ठेवा, हळू आवाजात रेडिओ चालू द्या. त्याला हाकलायला जायचं नाही, त्याच्या शेजारी आणखी कुणीतरी बसवायचं.

मी तीन आवाज वेगळे काढले आहेत. पहिला किटलीचा, पाणी उकळायच्या आधी येतो तसा. हा सकाळी असतो. दुसरा आमच्या कपांच्या कारखान्यातल्या भट्टीच्या पंख्याचा. चहा प्यायला बसले की हा खाली बसतो, थकले की चढतो. तिसरा बारीक तारेसारखा. त्याची खोड मला परवा सापडली. मान न हलवता नुसती नजर डावीकडे नेली की तार ताणल्यासारखा आवाज वर चढतो. उजवीकडे पाहिलं की उतरतो. मी आरशासमोर बसून अर्धा तास हेच करत होते. डावीकडे, वर. उजवीकडे, खाली. त्या बाईंना भीत भीत सांगितलं, वेड लागलं म्हणतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "असं होतं काहींना. बुबुळं हलवणाऱ्या नसा आणि ऐकणाऱ्या नसा मेंदूत शेजारी शेजारी राहतात. एक घर रिकामं झालं की दुसऱ्याचे लोक घुसतात." आपल्या डोळ्यांनी आवाज वाजवता येतो, हे मला पन्नाशीत कळलं.

तोलाचा व्यायाम करायला इमारतीच्या लांब गॅलरीतून चालते. चालता चालता मान डावी-उजवी करायची, त्यात झोक जातो. वरच्या मजल्यावरचे आजोबा पहिल्या दिवशी म्हणाले, "सकाळी सकाळीच?" आता ते माझ्या फेऱ्या मोजतात आणि एक कमी पडली तर सांगतात.

आवाज कुठल्या दिशेनं आला ते एका कानाला कळत नाही. शेजारच्या काकूंनी जिन्यातून हाक मारली आणि मी बाथरूममध्ये जाऊन पाहिलं.

अजून एक आवाज होता, तो वहीत आलेला नाही. टकटक. लाकडी दांडीनं कप वाजवावा तशी. हा शस्त्रक्रियेच्या आधी दोनेक वर्षं यायचा. मी तुला कधी सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. वाटायचं, बावीस वर्षं दिवसभर चीर शोधायला कप वाजवते, म्हणून कारखाना घरापर्यंत पाठीमागे येत असेल. आणि खरं म्हणजे कानात काही बिघाड आहे हे कळलं असतं तर मला तपासणीच्या टेबलावरून उठवून खोकी भरायला बसवलं असतं.

शस्त्रक्रियेनंतर ती टकटक एकदाही आलेली नाही. मी वाट पाहते आहे. का, ते नंतर.

घुमी


११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून अर्ध्या तोंडानं का होईना, हसले. आईच्या वाटीची तू काढलेली आठवण. ती आजारी पडून वाचा गेल्यावर तूच तिला स्टीलची वाटी आणि चमचा दिला होतास, काही लागलं तर वाजव म्हणून. तीनदा वाजवायची, थांबायची, मग पुन्हा तीन. तू आलीस की म्हणायचीस, "राणीसरकारांचा हुकूम आला, पळा." ती वाटी तुला हवी आहे असं लिहिलंस. ठेवली आहे. देईन.

मागच्या मंगळवारी कारखान्यात गेले होते. कामावर नाही, नुसती भेटायला. सगळ्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मुकादमबाईंनी मात्र सरळ विचारलं, "एका कानावर जमेल का?"

"मला ठाऊक नाही."

"मग बघूया की. त्यात काय."

मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. शेजारच्या टेबलावरची, जिला सगळे बडबडी म्हणतात ती, मागे उभी राहून एकेक कप वाजवत गेली. दहा कप. मी हातानं दाखवायचं. धड कप खणखणीत वाजतो, त्याला उजवीकडे. चीर असेल तर बद्द वाजतो, मग ती डोळ्याला दिसो न दिसो, त्याला डावीकडे. मी दोन डावीकडे काढले. नंतर ते दोन शाईच्या पाण्यात बुडवून पाहिले, तर दोन्हींवर केसासारखी निळी रेघ उमटली. बडबडी म्हणाली, "हिला कान नसला तरी चालेल, हिच्या हातालाच ऐकू येतं." सगळ्या हसल्या. मुकादमबाईंनी विचारलं, "घरी भांडी घासतानाही असंच करतेस का गं? डावीकडे, उजवीकडे?"

मी धड कप रांगेत लावायला घेतले. माझं न बोलणं तिथे कुणाला खटकत नाही, हे एक बरं.

एक तारखेपासून अर्धा दिवस ये म्हणाल्या आहेत.

तू विचारलंस, टकटकीची वाट का पाहतेस. ती जायलाच हवी ना? हो, जायला हवी. पण ती एकदा तरी यावी असं मला वाटतं. ती कानातली होती, याची मला खात्री करून घ्यायची आहे. कानातली नसेल, तर मग मी दोन वर्षं काय ऐकत होते, हा प्रश्न उरतो.

घुमी


३ मार्च

ताई,

आली. सोमवारी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाकावर बसले होते तेव्हा. शेजारी एक गृहस्थ पेपर वाचत होते, समोर पाण्याचं पिंप, आणि माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी कप वाजवायला सुरुवात केली. टण. टण. टण. मी त्या गृहस्थांना विचारलं, "तुम्हाला काही वाजल्यासारखं वाटतं का?" ते म्हणाले, "नाही बुवा." त्यांनी पेपर घेऊन जागा बदलली, पण मला फार बरं वाटलं.

म्हणजे टकटक कानातलीच होती, किंवा डॉक्टर म्हणतात तशी डोक्यातली. खरी होती, मी रचलेली नव्हती.

त्या कानाच्या बाईंनी वही बंद करायला सांगितली होती. मी पुन्हा उघडली. त्या रागावतील. पण मला एकच गोष्ट पाहायची आहे, त्यानंतर कायमची मिटवीन. या टकटकीत कधी एखादा बद्द वाजतो का, ते. तू म्हणशील, आता हे काय नवीन. पण बघ, मेंदू जर माझ्याच कामातले आवाज मला ऐकवत असेल, तर त्यानं सगळा माल ऐकवायला हवा. आमच्याकडे शंभरातले सहा-सात कप तरी बाद निघतात. मग डोक्यातल्या कारखान्यातही सहा-सात निघायला हवेत.

सोमवारपासून आजपर्यंत दोनशे बारा मोजले. सगळे खणखणीत.

अजून थोडे दिवस मोजते.

तू मे महिन्यात येईन म्हणतेस. आधी माझं पुढचं पत्र वाच, मग ठरव.

घुमी


२० मार्च

ताई,

साडेसहाशेच्या वर मोजले. एकही बद्द नाही. माझं डोकं फक्त धड कप वाजवतं. आता वही मिटली आहे आणि लिहायचं ते लिहिते. दोनदा लिहून फाडलं, म्हणून यात खाडाखोड दिसली तर समजून घे.

तुला वाटतं मला ऐकू आलं नाही. सगळ्यांना तसंच वाटतं. शस्त्रक्रिया झाल्यापासून काकू, मुकादमबाई, भाऊजी, सगळे म्हणतात, बघा, तिचा कानच गेला होता आणि आपण तिला बोल लावत होतो. मी गप्प राहिले. गाठीनं मला आयती सबब आणून दिली होती. पण उजवा कान तेव्हाही चांगला होता, आणि मला ऐकू आलं होतं.

तो रविवार. दुपारचे तीन वाजले असतील. आई खिडकीशी खुर्चीत होती. मी तिला चहा दिला आणि तिच्याजवळची वाटी घासायला आत नेली, कारण औषध सांडून ती चिकट झाली होती. दोन मिनिटांत परत नेऊन देणार होते. मग आणखी चार भांडी दिसली, ती घासायला घेतली. वाटी माझ्यापाशीच राहिली.

सकाळपासून कानात टकटक चालू होती. खणखणीत, नेहमीसारखी. मी तिच्या तालावर घासत होते म्हटलं तरी चालेल. त्यात एक बद्द वाजला.

मी दचकले नाही. माझ्या मनात आलं, हा बाद. एवढंच. आणि माझ्या हातात आईची वाटी होती, ती मी उचलून ओट्यावर डावीकडे ठेवली. मुकादमबाईंनी विचारलं होतं ना, तेच. माझं मलाच हसू आलं, की बाई, आज रविवार आहे. आणि मी पुढचं भांडं घेतलं.

आई बोलावत असेल असं एकदाही मनात आलं नाही. तिची वाटी माझ्या डोळ्यांसमोर होती, मग ती बोलावणार कशानं? मी हा हिशेब त्या वेळी बरोबर केला, असं मला वाटत होतं.

वीसेक मिनिटांनी बाहेर गेले. आईचं डोकं खांद्यावर कललं होतं. मांडीवर कप होता, चहा अर्धा तसाच. चमचा तिच्या हातात होता.

तो कप मीच कारखान्यातून आणलेला. बाद मालातला. रंग, कान, सगळं नीट, फक्त तळाशी चीर. आम्हाला तसे घरी न्यायला मिळतात.

शेजारचे डॉक्टर यायच्या आत मी तो धुऊन कपाटात मागे ठेवला. वाटी नेऊन खुर्चीपाशी ठेवली. तू आल्यावर पहिलं विचारलंस, "वाटी तिच्याजवळ नव्हती का?" मी म्हटलं, "होती. मला काही ऐकू आलं नाही." मग तू दारात जे बोललीस, ते मला दीड वर्ष कठोर वाटलं नाही. एवढंच वाटलं, की हिला अर्धंच ठाऊक आहे.

डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, झटका मोठा होता, वेळेवर कळलं असतं तरी सांगता येत नाही. ते मी तुला सांगत नाही, स्वतःलाही सांगत नाही. तुला हवं तर धर.

परवा कपाटातून तो कप काढला, खिडकीशी धरला आणि चमच्यानं वाजवला. उजव्या कानानं ऐकला. त्या रविवारचा तोच बद्द. मग बडबडीला घरी बोलावलं, तिला आईच्या खुर्चीत बसवलं आणि मी आत ओट्याशी उभी राहिले. तिला कारण सांगितलं नाही. तिनं वाजवला. पाण्याचा नळ चालू असतानाही ऐकू आला. ती बाहेरून ओरडली, "अगं, हा फुटका आहे, टाकून दे."

हे कळवणं शस्त्रक्रियेच्या आधी जमलं नाही. मेजावर नेताना वाटलं होतं, उठले तर लिहीन. उठले, आणि तुझं माफीचं पत्र आलं होतं. मग आवाज मोजत बसले.

तुझी माफी परत पाठवते आहे. ती माझी नव्हती.

घुमी


९ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड आज आलं. एकच ओळ. "बद्द आवाज नक्की किती वेळा आला?"

वीस दिवसांनंतर तू हाच प्रश्न विचारलास. कार्ड खुर्चीवर ठेवून दोन तास नुसती घरात फिरले. तुला आईची वाजवायची सवय ठाऊक होती, हे मी लिहिताना विसरले. किंवा विसरले नव्हते.

तीन.

मी एक लिहिलं होतं, ते खोटं. पहिल्याला वाटलं, हा बाद. दुसऱ्याला वाटलं, तोच कप पुन्हा कुणी वाजवला, खात्री करायला, आम्ही करतो तशी. तिसऱ्याला वाटी डावीकडे ठेवली. मग थांबला. पुन्हा तीन येतात का, याची मी वाट पाहिली नाही, पण आले असते तर ऐकू आले असते. आले नाहीत.

आता माझ्याकडे न सांगितलेलं काही नाही. डोक्यात चाचपून पाहिलं. किटली आहे, पंखा आहे, तार आहे, आणि टकटक. बस.

वही कानाच्या बाईंना देऊन टाकली. त्यांनी चाळली आणि विचारलं, "एवढं काय मोजत होतात?" मी म्हटलं, "एक सापडत नव्हता." त्या म्हणतात, टकटक आली तरी उठायचं नाही, हातातलं काम करत राहायचं, म्हणजे मेंदूला कळतं की त्यात काही अर्थ नाही. बाकी सगळं त्यांचं ऐकते. पंखा लावते, रेडिओ लावते, डोळ्यांची ती गंमतही आता करत नाही. हे एक ऐकत नाही. टकटक आली की हात पुसते, बाहेरच्या खोलीत जाते, खुर्ची पाहते आणि परत येते. दिवसातून कधी चार वेळा, कधी पंधरा वेळा. तोलही सुधारतो आहे. भिंत न धरता जाते आता.

अर्धा दिवस कामाला जाते. माझे बाद शाईच्या पाण्यात तपासतात, अजून एकही चुकला नाही. तो कप मात्र टाकलेला नाही. वाटीशेजारी ठेवला आहे. दोन्ही ने, किंवा एक ने, किंवा काहीच नको.

मे महिन्यात येणार का, ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही. फक्त एक सांगून ठेवते. आलीस तर दार वाजव, घंटा नको, तिचा सूर तारेत मिसळतो. पण दार वाजलं तरी ते कुठून वाजलं हे मला कळत नाही. मी आधी बाथरूममध्ये पाहीन, मग खिडकीशी जाईन, मग खुर्चीशी. वेळ लागेल. दार लगेच उघडलं नाही तर घरात कुणी नाही असं समजून जिना उतरू नकोस.

जरा थांब. मी उठलेली असेन.

घुमी